नाशिकच्या वाईनचे दार: पर्यटनमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. पर्यटनमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,


वाईनचे पत्र पर्यटन खात्याकडे कसे आले, हा प्रश्न आपल्या कार्यालयात सगळ्यात आधी निघेल. वाईनचा परवाना, कर, वाहतूक आणि विक्री हे सारे राज्य उत्पादन शुल्क विभाग पाहतो. द्राक्षे कृषी खात्याची, तर विंचूरच्या वाईन पार्कची जमीन औद्योगिक विकास महामंडळाची. पण इथली वाईन ज्या जागी लोकांना खरोखर कळते आणि मग विकत घ्यावीशी वाटते, ती जागा यांपैकी कुणाच्याच कागदावर ठळकपणे दिसत नाही. ती जागा म्हणजे वायनरीचे स्वतःचे आवार. तिथे माणूस पाहुणा म्हणून येतो, आणि पाहुण्याचे खाते आपले आहे.

गंगापूर धरणाच्या परिसराचे उदाहरण घ्यावे. नव्वदच्या दशकात राजीव सामंत अमेरिकेतली नोकरी सोडून नाशिकजवळच्या घरच्या जमिनीवर आले आणि त्यांनी तिथे सॉव्हिन्यों ब्लां आणि शेनिन ब्लां या जातींची लागवड केली. नाशिक तेव्हा थॉमसन सीडलेस आणि सोनाकाचे गाव होते. द्राक्ष खायचे असते, निर्यात करायचे असते, फार तर त्याचा बेदाणा करायचा असतो, एवढेच बागायतदाराला ठाऊक होते. आईच्या सुलभा या नावावरून सामंतांनी कंपनीला सुला नाव दिले. 2000 साली तिची पहिली वाईन बाजारात आली, तरी नाशिकचे चित्र पालटले ते 2005 मध्ये, कंपनीने टेस्टिंग रूमचे दार लोकांना उघडले तेव्हा. आज तिथे वर्षाला लाखोंच्या संख्येने माणसे येतात. त्यांतली कितीतरी आयुष्यातला वाईनचा पहिला घोट तिथेच घेतात आणि जाताना गाडीत दोन-चार बाटल्या ठेवतात. डिसेंबर 2022 मध्ये या कंपनीचे समभाग शेअर बाजारात आले. देशी वाईनच्या बाजारातला निम्म्याहून मोठा वाटा आज तिच्याकडे असल्याचे मानले जाते. या यशात पाहुण्यांसाठी उघडलेल्या दाराचा वाटा मोठा आहे.

या दाराला इतके महत्त्व येण्याचे कारण साधे आहे. आपल्याकडे मद्याची थेट जाहिरात करता येत नाही. ही मनाई योग्य आहे आणि ती राहावी. पण तिचा परिणाम सगळ्यांवर सारखा होत नाही. मोठी मद्य कंपनी त्याच नावाचा सोडा किंवा पाण्याची बाटली काढून आपले नाव लोकांच्या डोळ्यांसमोर ठेवते. निफाडच्या किंवा इगतपुरीच्या छोट्या वायनरीला ते परवडत नाही. आपल्या बाटलीत काय आहे हे सांगण्यासाठी तिला एकच जागा उरते, ती म्हणजे स्वतःचे अंगण.

तिथे काय घडते, हे खात्यातल्या अधिकाऱ्यांनी एकदा सावकाश पाहावे. जानेवारी ते मार्च हा काढणीचा हंगाम. उन्हाने मणी तापू नयेत म्हणून घड रात्री किंवा भल्या पहाटे तोडले जातात आणि सकाळी क्रेट वायनरीत पोहोचतात. यंत्र देठ वेगळे करते. पांढऱ्या वाईनसाठी फक्त रस पुढे जातो. तांबडीसाठी रस सालींसकट टाकीत राहतो, कारण रंग आणि तुरटपणा सालीत असतो. स्टीलच्या टाक्यांना बाहेरून थंड पाण्याचे वेष्टण असते. पांढरी वाईन 15 अंशांच्या आसपास आंबवावी लागते, आणि नाशिकच्या मार्चमध्ये ते तापमान राखणे म्हणजे विजेचे मोठे बिल. साधारण किलोभर द्राक्षांतून, कधी त्याहून थोड्या जास्त, 750 मिलिलिटरची एक बाटली निघते. हे समोर पाहिल्यावर बाटलीची किंमत पाहुण्याला पटू लागते. दुकानाच्या काउंटरवर तीच किंमत त्याला महाग वाटलेली असते.

मग चव. पाच-सहा प्रकार, प्रत्येकाचे दोन-दोन घोट. आधी फसफसणारी, मग पांढरी, रोझे, तांबडी आणि शेवटी उशिरा तोडलेल्या द्राक्षांची गोड वाईन. चांगला मार्गदर्शक परदेशी पुस्तकातली फळे सांगत बसत नाही. सॉव्हिन्यों ब्लांच्या पेल्यात कच्चा पेरू आणि हिरवी ढोबळी मिरची सापडते, शिराझमध्ये काळी मिरी आणि जांभूळ. हे वास मराठी घरातल्या माणसाला उपजत ओळखू येतात. आपले नाक इथे कमी पडत नाही, हे उमगल्यावर कोपऱ्यात संकोचून उभा असलेला माणूस प्रश्न विचारू लागतो. त्याला सांगण्यासारखी एक खास इथलीच गोष्टही आहे. युरोपात वेल थंडीत झोपतो. महाराष्ट्रात तो झोपत नाही, म्हणून आपला बागायतदार त्याला वर्षातून दोनदा छाटतो: उन्हाळ्याच्या तोंडाशी खरड छाटणी, पावसाळा सरताना गोडी छाटणी. वाईनची बागही याच वेळापत्रकावर चालते.

या धंद्याला जुन्या जखमाही आहेत. ऐंशीच्या दशकात शामराव चौगुले यांनी नारायणगावात शॅटो इंडाज उभी केली. तिची 'ओमर खय्याम' ही फसफसणारी वाईन परदेशांत गेली. जुन्नर तालुक्यातली वाईन विलायतेत प्यायली जाते, याचा तेव्हा केवढा अभिमान वाटला असेल! 2001 मध्ये राज्याने द्राक्ष प्रक्रिया धोरण आणले, उत्पादन शुल्क माफ केले, विंचूर आणि पलूस इथे वाईन पार्क जाहीर झाले. शेतकऱ्यांनी हौसेने वाईनच्या जाती लावल्या आणि डझनावारी वायनरी उभ्या राहिल्या. पिकवायची घाई सगळ्यांना होती, विकायचे कुणी शिकवले नव्हते. 2008 ची जागतिक मंदी आणि त्याच वर्षाच्या शेवटी मुंबईवर झालेला दहशतवादी हल्ला यांमुळे हॉटेले आणि पर्यटन दोन्ही बसले. टाक्या भरलेल्या राहिल्या, द्राक्षांना गिऱ्हाईक उरले नाही आणि पुष्कळांनी वाईनच्या बागा उपटून पुन्हा खायची द्राक्षे लावली. पुढच्या दोन-तीन वर्षांत इंडाजही कर्जाखाली कोसळली. नाशिक-निफाडच्या बांधावर आजही वाईनच्या करारशेतीचा विषय निघाला की बोलणे त्या वर्षांवर येऊन थांबते.

टाकी रिकामी करणे हा या धंद्याचा जीव आहे. द्राक्ष वर्षातून एकदाच येते, आणि पुढचा हंगाम येईपर्यंत मागची टाकी मोकळी झाली नाही तर नवा रस ठेवायचा कुठे? म्हणून विक्रीची प्रत्येक अडचण थेट बागेपर्यंत पोहोचते.

आणि अडचणी पुष्कळ आहेत. मद्य राज्यांच्या यादीतला विषय आहे, वस्तू आणि सेवा कराच्या बाहेर. त्यामुळे वाईनसाठी भारत हा एक बाजार नाही. प्रत्येक राज्यात लेबलची वेगळी नोंदणी आणि वेगळे शुल्क, दर वर्षी नूतनीकरण, आयातीचा परवाना, वाहतुकीचा पास. तामिळनाडू आणि केरळसारख्या राज्यांत सरकारी महामंडळाच्या दारातून गेल्याशिवाय बाटली दुकानात पोहोचत नाही. व्हिस्कीचा मोठा ब्रँड एका लेबलचे शुल्क लाखो पेट्यांवर वाटून टाकतो. छोट्या वायनरीची सात-आठ लेबले असतात आणि प्रत्येकाच्या थोड्याच पेट्या. तेच शुल्क तिच्या प्रत्येक बाटलीवर जड होऊन बसते. म्हणून इगतपुरीची उत्तम शिराझ कित्येकदा बेंगळुरूच्या दुकानात दिसतच नाही.

राज्यातही वाट सोपी नाही. दुकानदाराला पटकन खपणारा माल हवा असतो, वाईनचा ग्राहक मात्र थांबून विचारतो. बाटली थंड, अंधाऱ्या जागी ठेवायची असते. विदर्भ-मराठवाड्याच्या मे महिन्यात ती काउंटरमागे उभ्याने तापत राहते, आतली चव शिजते, आणि घरी नेऊन उघडणारा माणूस म्हणतो, देशी वाईन अशीच असते. उष्णतेत बूच दगा देते म्हणून अनेक भारतीय वायनरी फिरकीच्या झाकणाकडे वळल्या. त्याने गळती थांबते, तापणे थांबत नाही. हॉटेलांच्या यादीत शिरायचे तर तिथे मोठ्या कंपन्यांनी आधीच जागा धरलेल्या असतात, आणि जी बाटली शिरते तिची किंमत टेबलावर येईपर्यंत दुप्पट-तिप्पट झालेली असते.

कराचा मुद्दा आपल्या खात्याचा नाही, तरी तो मंत्रिमंडळात मांडता येतो. वाईनवर 20 टक्के मूल्यवर्धित कर आहे. वाईन उद्योग प्रोत्साहन योजनेत त्यातले 16 टक्के उत्पादकाला परत मिळतात. मधल्या काळात हा परतावा थकला. जानेवारी 2024 मध्ये मंत्रिमंडळाने योजनेला पाच वर्षांची मुदत दिली, हे चांगले झाले. पण परतावा उशिरा येणे म्हणजे काय, हे छोट्याच्या बाजूने पाहावे. मोठ्या कंपनीच्या ताळेबंदात ती येणे असलेली एक रक्कम असते. छोट्या वायनरीला तेवढ्याच पैशांसाठी बँकेचे व्याज भरावे लागते, आणि तेही द्राक्षांचे पैसे चुकते करायच्या महिन्यांत. दरम्यान उत्पादन शुल्काची माफीही संपली आणि 2022 पासून लिटरमागे 10 रुपये लागू झाले.

याचे परिणाम डोळ्यांसमोर आहेत. दिंडोरी तालुक्यातली चारोसा वायनरी 2018 मध्ये ग्रोव्हर झाम्पा कंपनीकडे गेली, बारामतीजवळच्या रोटीची फोर सीझन्सही पुढे त्यांच्याकडेच गेली. गंगापूर धरणाच्या काठावर एका कुटुंबाने उभारलेली, पाहुण्यांची आवडती यॉर्क 2021 मध्ये सुलाने घेतली. या खरेदी-विक्रीत गैर काही नाही, आणि त्या वायनरी बंद पडण्यापेक्षा हे बरेच. पण एखाद्या प्रदेशाची वाईन दोन-तीन घरांतच उरली तर तिथे फिरायला जाण्यातली मौज ओसरते. पाहुण्याला दर वळणावर वेगळा हात आणि वेगळी चव हवी असते. निफाडच्या कुंदेवाडीत रेव्हेलो सिसिलीच्या ग्रिलो आणि नेरो दॅव्होला या जाती पिकवते. अकलूजच्या उसाच्या मुलखात मोहिते-पाटील, दिल्लीचे सेखरी आणि इटलीचे सेच्ची या तीन घरांतल्या भावांनी मिळून फ्रातेल्ली उभी केली आणि माळशिरस तालुक्यात सांजोव्हेजे लावली. कावनईला मुकणे धरणाच्या पाण्यालगत व्हालोनेची छोटी, देखणी वायनरी आहे. बोर्डीला हिल झिलने चिकूची वाईन केली, तीही घोलवडच्या चिकूला भौगोलिक मानांकन मिळालेल्या पट्ट्यात. ही विविधता हीच महाराष्ट्राची खरी कमाई आहे, आणि सगळ्यात नाजूकही तीच आहे.

27 जानेवारी 2022 चा मंत्रिमंडळाचा निर्णय आपल्याला आठवत असेल. 100 चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या सुपरमार्केटमध्ये वेगळ्या कपाटातून वाईन विकू द्यावी, असे ठरले. लगेच वादळ उठले. विरोधी पक्षाने टीका केली, अण्णा हजारे यांनी उपोषणाचा इशारा दिला, हरकती-सूचना मागवल्या गेल्या, त्याच वर्षी सरकार बदलले आणि निर्णय अमलात आला नाही. त्या वादात वाईनच्या बाजूने वारंवार सांगितले गेले की वाईन म्हणजे दारू नव्हे आणि हा शेतकऱ्याच्या भल्याचा निर्णय आहे. हे दोन्ही दावे तपासून घ्यायला हवेत. वाईनमध्ये 12 ते 14 टक्के अल्कोहोल असते, ते मद्यच आहे. मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्याला पूर्णपणे निर्धोक म्हणता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी 2023 मध्ये स्पष्ट केले आहे. दारूने उद्ध्वस्त झालेली घरे ज्या बायांनी पाहिली आहेत, त्यांना तांबडी वाईन हृदयाला चांगली असते असे सांगणे हा त्यांचा अवमान आहे. आणि नाशिकच्या एकूण द्राक्षांत वाईनला जाणारा वाटा अगदी थोडा आहे, त्यामुळे सगळ्या द्राक्षशेतीचा भार वाईनवर टाकणेही खरे नाही.

मग वाईनसाठी पत्र कशाला? कारण जो थोडा वाटा आहे, तो मोलाचा आहे. वाईनच्या घडाला जीएमध्ये (जिबरेलिक ॲसिडच्या द्रावणात) बुडवावे लागत नाही, मण्यांची विरळणी करावी लागत नाही, निर्यातीसारखा मण्याचा आकार मोजत बसावे लागत नाही. खर्च कमी आणि करार पाळला गेला तर दर ठरलेला. अवकाळीने आणि गारपिटीने वर्षाआड पोळलेल्या बागायतदाराला हा एक वेगळा आधार आहे. वायनरीत पाहुणा आला की गावातल्या तरुण मुला-मुलींना काम मिळते. आणि वायनरीच्या आवारात माणूस पितो ते बसून, जेवणाबरोबर, माहिती घेत, दुसऱ्यांच्या नजरेसमोर. वाडीवस्तीच्या कोपऱ्यावर दुकान वाढवण्यापेक्षा हे किती तरी बरे. वाईन सर्वत्र मिळावी, असे या पत्राचे मागणे नाही. जिथे ती बनते तिथे ती सन्मानाने विकता यावी, एवढेच मागणे आहे.

यासाठी नवे महामंडळ लागत नाही. गंगापूर धरणावर आपल्याच पर्यटन विकास महामंडळाचे 'ग्रेप पार्क रिसॉर्ट' आहे. नावात द्राक्ष आहे, समोर धरणाचे पाणी आहे, आसपास वायनरी आहेत. तिथे उतरलेल्या कुटुंबाच्या हाती जिल्ह्यातल्या सगळ्या छोट्या-मोठ्या वायनरींचा मराठी नकाशा पडावा. कुठे आगाऊ कळवून जावे लागते, कुठे जेवण मिळते, काढणी केव्हा पाहता येते, हे त्यात असावे. लेबलांवरची नावे बहुतेक फ्रेंच-इटालियन वळणाची, माहिती इंग्रजीत. आपल्याच जिल्ह्यात फिरणाऱ्या मराठी माणसाला दारातच परके वाटावे, हे बरे नाही. वाटाड्यांना मराठीत वाईन सांगायला शिकवणे आपल्या खात्याला सहज जमेल. पुण्याजवळच्या मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रातले शास्त्रज्ञ त्यांना बागेचे धडे देऊ शकतील.

दुसरी गोष्ट तातडीची आहे: बस. पाहुणा मुंबईहून स्वतःची गाडी घेऊन येतो, दुपारभर वाईन चाखतो आणि संध्याकाळी कसारा घाट उतरतो. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा 5 जून 2025 रोजी खुला झाल्यापासून परतीची वाट आणखी वेगवान झाली आहे. हंगामात शनिवार-रविवारी नाशिकरोड आणि इगतपुरी स्टेशनांवरून वायनरींना फेरी घालणारी बस सोडावी. तिकीट घेऊन माणसे आनंदाने बसतील, आणि आडबाजूच्या ज्या वायनरीकडे कुणी वळत नाही, तिच्याही दारात दिवसाला एक बस येईल. टेस्टिंगमध्ये घोट चाखून थुंकायची भांडी ठेवणे आणि गाडी चालवणाऱ्याच्या मनगटावर ओळखीचा वेगळा पट्टा बांधणे, हेही मान्यताप्राप्त वायनरींना बंधनकारक करावे.

तिसरी गोष्ट उत्पादन शुल्क मंत्र्यांशी बसून ठरवावी लागेल. बोर्डी, पलूस, अकलूज, निफाड इथल्या छोट्या उत्पादकांना एकेकट्याने टेस्टिंग रूम चालवणे परवडत नाही. पर्यटन विकास महामंडळाच्या आवारात एक सामाईक टेस्टिंग केंद्र उघडावे, तिथे ठरावीक आकाराखालच्या वायनरींनाच पाळीपाळीने जागा द्यावी आणि त्यासाठी हंगामापुरता साधा परवाना ठेवावा. कर्नाटकात वाईन मंडळ महोत्सव भरवते. गोव्याने 2016 मध्ये फेणीला वारसा पेयाचा दर्जा दिला. शेजारी आपल्या पेयाला नाव देऊन उभे राहतात. नाशिक व्हॅली वाईनला भौगोलिक मानांकन मिळाले आहे, पण नाशिकरोड स्टेशनवर उतरणाऱ्या पाहुण्याला त्याची खबर कुणी देत नाही.

जेवणाबद्दलही थोडे. पुष्कळ वायनरींच्या खाद्ययादीत पिझ्झा-पास्त्याला मानाचे पान असते. वाईनचा हंगाम आणि हुरड्याचा हंगाम एकाच वेळी येतो, हे कुणाच्या लक्षात कसे येत नाही? शेंगदाण्याच्या चटणीबरोबर हुरडा आणि किंचित गोडसर शेनिन ब्लां, कोथिंबीर वडीबरोबर थंड रोझे, काळ्या मसाल्याच्या मटणाबरोबर शिराझ. हे जमून येणारे बेत आहेत. राज्याचे कृषी पर्यटन धोरण 2020 मध्ये आले, आणि हुरडा पार्ट्या करणारी कितीतरी शेते आज उभी आहेत. ती आणि वायनरी एका सहलीत जोडावीत. गावातल्या बचतगटाच्या बायांना तिथे स्वयंपाकाचे काम मिळेल.

नाशिक हे तीर्थक्षेत्र आहे, सिंहस्थ तोंडावर आहे आणि गोदाकाठच्या भाविकाच्या वाटेत वाईनची पाटी येऊ नये, ही भावना रास्त आहे. बहुतेक वायनरी शहराबाहेर बागांमध्ये आहेत. नकाशे आणि फलक त्याच रस्त्यांपुरते ठेवता येतील. सिंहस्थासाठी जिल्ह्यातले रस्ते सुधारले जात आहेत, त्यात दिंडोरी-निफाडकडचे बागांमधले रस्तेही धरले जावेत.

वेळ फार नाही. ऑस्ट्रेलियाशी झालेला व्यापार करार 29 डिसेंबर 2022 रोजी लागू झाला. 5 डॉलरहून महाग बाटलीवरचे 150 टक्के आयात शुल्क त्याच दिवशी 100 वर आले आणि दहा वर्षांत ते 50 वर येणार आहे. 15 डॉलरच्या वरच्या बाटलीवर ते 25 टक्क्यांपर्यंत उतरेल. परदेशी बाटली स्वस्त होत जाणार, हे ठरलेले आहे. तिच्याशी किमतीत झुंजणे छोट्या वायनरीला जमणार नाही. पण ऑस्ट्रेलियाची बाग पाहायला शनिवारी सकाळी ठाण्याहून निघून रात्री घरी परतता येत नाही.

गोडी छाटणी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये होते आणि जानेवारीत पहिले क्रेट वायनरीत पोहोचतात. त्याआधी आपण नाशकात एक बैठक बोलवावी. उत्पादन शुल्क आणि कृषी खात्याच्या अधिकाऱ्यांबरोबर तिथे छोट्या वायनरींच्या मालकांना आणि करारावर द्राक्षे देणाऱ्या शेतकऱ्यांनाही बसवावे. सामाईक केंद्राची जागा, शनिवार-रविवारच्या बसचा मार्ग आणि थकलेल्या परताव्याची तारीख, एवढ्या तीन गोष्टी त्या दिवशी लेखी ठरल्या तरी यंदाच्या हंगामात त्यांचा उपयोग होईल.

कळावे.